मान आखडली, कंबर धरली: सुया टोचून घ्याव्यात की चोळून घ्यावे?

चतुर्थीच्या आदल्या दिवशी माणूस स्टुलावर चढतो. दोन-तीन तास मान वर करून माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या छताला, सुपारीचे कात्रे, आंबाडे, कांगण्या बांधतो आणि दुसऱ्या दिवशी आरतीला उभा राहतो तेव्हा कुणी हाक मारली तर अख्खे अंग वळवून बघतो. मग फोन येतो, "दादा, ते ॲक्युपंक्चरचे सुयावाले बरे, की सरळ चोळून घेऊ?" शिगम्यानंतर ढोल बडवणाऱ्यांचे खांदे, काजूच्या हंगामात बोंडू वेचणाऱ्यांच्या कमरा, भातलावणीनंतरच्या पोटऱ्या. वर्षभर प्रश्न हाच.

चूकही दरवेळी तीच. उपचार आधी ठरतो, कारण शेजारणीला त्याने गुण आलेला असतो, आणि आपले दुखणे मग त्यात कोंबले जाते. खरे तर निवड चौथ्या पायरीवर येते. तिच्या आधीच्या तीन पायऱ्या गाळल्या तर उत्तम मालिशवालासुद्धा नुकसान करू शकतो. एक वही आणि पेन घेऊन बसा. शेवटपर्यंत लागेल.

१. हे दुखणे स्नायूचेच आहे ना?

स्नायूचे दुखणे बहुधा हालचालीने बदलते. एका बाजूला वळले की वाढते, विशिष्ट कुशीवर झोपले की कमी होते. बोटाने चाचपले तर दुखरी जागा सापडते आणि "हेच ते" असे आपणच म्हणतो. कसेही बसा, कसेही झोपा, दुखणे तसेच राहते किंवा रात्री झोपेतून उठवते, असे असेल तर सुई आणि तेल दोन्ही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.

आपल्याकडे गोव्यात पावसाळ्यात एक गोष्ट विशेष सांभाळायची. शेतातल्या पाण्यात काम केलेल्या माणसाला ताप आला, पोटऱ्या आणि कंबर ठणकत असली, डोळे लाल झाले, तर तो लावणीचा थकवा समजून कुणी पाय चोळत बसू नये. लेप्टोस्पायरोसिसमध्ये पोटऱ्या अशाच दुखतात, हात लावू देत नाहीत. डेंगी आणि चिकुनगुन्या यांतही अंग मोडून येते. डेंगीत प्लेटलेट घटलेल्या असताना सुया टोचणे किंवा जोराने दाबणे म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. ताप असेल तर दोन्ही उपचार बंद. आधी रक्त तपासायचे.

> इशारा: छातीत दाब, घाम, दम लागणे यांच्यासोबत डावा खांदा, हात किंवा जबडा दुखत असेल तर १०८ ला फोन करा. एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल, त्यात अलीकडे लांबचा प्रवास, शस्त्रक्रिया किंवा बरेच दिवस अंथरुणावर पडून राहणे झाले असेल, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती पोटरी चोळू नका, दुसऱ्यालाही चोळू देऊ नका. कंबरदुखीबरोबर लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद गेली, तर त्याच दिवशी बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) कॅज्युअल्टीत जायचे. उद्यावर टाकायचे नाही.

पडल्यावर हाड दुखू लागले, कारण नसताना वजन उतरले, पूर्वी कर्करोग झालेला आहे, हाडे ठिसूळ आहेत: यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय पुढची पायरी नाही.

२. दुखण्याची ओळख वहीत लिहा

पाच ओळी पुरतात, पण त्या आजच लिहा. उपचारानंतर आठवून लिहिलेल्या नोंदीत आपण नकळत थोडी लबाडी करतो.

कुठे दुखते ते एका बोटाने दाखवता येते की अख्खा तळहात लागतो? कधीपासून दुखते, आणि त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी काय केले होते? दाबल्यावर बरे वाटते की माणूस उडतो? शून्य ते दहा या मापात आकडा किती? आणि कोणते एक रोजचे काम अडले आहे?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, आणि लोक तोच सोडतात. "खूप दुखतं" हे मोजता येत नाही. "स्कूटर वळवताना उजवीकडे मागे बघता येत नाही", "विहिरीतून कळशी ओढता येत नाही", "भजनाला अर्धा तास मांडी घालून बसवत नाही" हे मोजता येते. असे एक काम लिहून ठेवा.

गोळ्यांची यादीही याच पानावर हवी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, म्हणजे वॉरफॅरिन, अपिक्साबॅन, क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन, घेत असाल तर नावासकट लिहा. सुई काय किंवा जोराची मालिश काय, दोन्हींत त्याने फरक पडतो. मालिशसाठी म्हणून ही गोळी आपल्या मनाने एक दिवसही थांबवायची नाही. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी चालू असेल तर तीही लिहा. दोन्ही मांड्या किंवा दोन्ही खांदे सारखेच दुखत असतील तर कारण त्या गोळीत असू शकते, आणि त्यावर मालिश करून काय होणार?

३. दिवस मोजा

ही पायरी मी स्वतः गाळली होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ऑगस्टच्या चिखलात फुटबॉल खेळताना पोटरीवर कुणीतरी मागून दगड मारल्यासारखे वाटले. वळून पाहिले तर मागे कुणीच नाही. स्नायूचे तंतू फाटतात तेव्हा नेमके असेच वाटते, पण मला ते माहीत नव्हते. दुसऱ्या संध्याकाळी एका अनुभवी मालिशवाल्याकडे गेलो. त्याने गरम तेल लावून अंगठ्याने पोटरी अशी रगडली की मी उशी चावली. "गाठ फोडली," म्हणाला. सकाळी पोटरी दुप्पट झाली होती आणि घोट्यापर्यंत निळी पडली होती. तीन आठवड्यांत आटोपले असते ते सात आठवडे चालले. दोष त्याच्याइतकाच माझा. काय झाले ते त्याला न सांगता मी नुसता पाय पुढे केला होता.

तेव्हा मार लागला, लचक भरली, स्नायू ताणला किंवा फाटला असेल तर पहिले ४८ ते ७२ तास त्या जागी ना दाबणे, ना गरम तेल, ना सुई. भार कमी करा, कापडात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटे लावा, पाय उशीवर ठेवा, झेपेल तेवढे हलवत राहा. मांडीवर थेट मार लागला असेल तर जास्तच जपा. तिथले साकळलेले रक्त रगडत राहिले तर स्नायूत हाडासारखा कठीण थर धरू शकतो.

नुसता श्रमाचा ठणका वेगळा. सवय नसलेले काम केल्यावर तो दुसऱ्या दिवशी सुरू होतो, २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त असतो आणि पाच-सात दिवसांत आपोआप जातो. त्याला हलकी मालिश चालते, सुयांची गरज नसते. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेण्याची पद्धत अजून काही घरांत आहे. पाय नुसता टेकवला तर हरकत नाही, पण लाथ मारायला सांगू नका.

> तपासा: तीन दिवस झाले, सूज उतरली, निळेपणा पसरत नाही, पाय टेकता येतो. चारही "हो" असतील तरच पुढे चला.

४. आता निवड

दोन्ही उपचारांकडून काय मिळते ते आधी स्पष्ट असू द्या. मालिशने ताठलेला भाग सैल होतो, त्या भागाची दुखऱ्या दाबाविषयीची भीती कमी होते आणि झोप लागते. हा आराम बहुधा काही तास ते काही दिवस टिकतो. ॲक्युपंक्चरमध्ये केसापेक्षा जाड, साधारण पाव मिलिमीटरची सुई ठराविक जागी घालतात. तिच्या उत्तेजनाने शरीरातली वेदना दाबणारी रसायने, एंडॉर्फिन वगैरे, सुटतात. पहिल्या बैठकीत फारसे काही जाणवत नाही. गुण यायचा असेल तर तिसऱ्या-चौथ्या बैठकीपासून येतो आणि पुढे काही महिने टिकू शकतो.

अभ्यासांत बनावट सुया लावलेल्या लोकांनाही बराच आराम पडतो आणि खऱ्या-खोट्या सुयांतला फरक लहान निघतो. तज्ज्ञांचेही एकमत नाही. ब्रिटनमध्ये उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीला ॲक्युपंक्चर देऊ नका म्हटले, आणि त्याच संस्थेने २०२१ मध्ये जुनाट प्राथमिक वेदनेसाठी (म्हणजे दुसऱ्या कुठल्या आजाराने नसलेल्या) त्याचा विचार करा म्हटले. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्ये ताज्या कंबरदुखीला शेक, मालिश, ॲक्युपंक्चर यांपैकी काहीही चालेल असे सांगितले. जुनाट कंबरदुखीच्या यादीत व्यायामाबरोबर ॲक्युपंक्चर ठेवले. त्यामुळे "शंभर टक्के गॅरंटी" म्हणणारा, मग तो सुयावाला असो की तेलवाला, पहिल्याच वाक्यात नापास.

मालिशकडे कधी जावे? दुखणे नवे आहे (पण ३ दिवसांपलीकडचे), दाखवायला तळहात लागतो, दाबले की बरे वाटते, आणि कारण माहीत आहे: ओझे, ढोल, लावणी, दिवसभर दुकानात उभे राहणे. ताणामुळे खांदे कानापर्यंत चढलेल्यांनाही मालिशच आधी. सुईची भीती असेल तर प्रश्नच मिटला. भीतीने आवळलेल्या अंगात सुया घालून काही साधत नाही.

ॲक्युपंक्चर कधी? तीन महिन्यांहून जुनी मान, कंबर किंवा गुडघा; मानेतून चढणारी, वारंवार येणारी डोकेदुखी; दाबलेले सहनच होत नाही असा भाग. आणि ज्यांची वही सांगते की चार वेळा मालिश केली, दरवेळी दोन दिवस बरे वाटले, मग पुन्हा तेच. अशा माणसाने पाचव्यांदा तेच करू नये.

दोन्ही नकोत, असे कधी? हे लोकांना आवडत नाही, पण बऱ्याच जणांचे उत्तर इथे आहे. लॅपटॉपवर मान खाली घालून काम करणाऱ्याची मान आठवड्याला चोळून घेतली तरी सोमवारी पुन्हा धरणार. त्याला स्क्रीन उंच करणे आणि खांद्याचे व्यायाम हवेत. रात्री पोटरीत गोळे येतात त्यांनी झोपण्याआधी पोटरी ताणावी. कळ कमरेतून पायाच्या बोटापर्यंत जात असेल तर आधी फिजिओथेरपिस्ट.

फिजिओथेरपिस्टकडे कधी कधी "ड्राय नीडलिंग" सुचवतात. सुई तशीच असते, पण ती थेट स्नायूतल्या दुखऱ्या गाठीत घालतात. एका बोटाने दाखवता येणाऱ्या गाठीसाठी हा पर्याय विचारात घ्या. आणि ॲक्युप्रेशर म्हणजे ॲक्युपंक्चर नव्हे. त्यात सुई नसते, नुसता दाब असतो. फोनवर वेळ घेताना दोन्हींतले काय ते विचारा, निम्मे गोंधळ तिथेच मिटतील.

> इशारा: दोन्ही उपचार एकाच आठवड्यात सुरू करू नका. गुण आला तरी कशाने आला ते कळत नाही, आणि त्रास झाला तरी कळत नाही.

५. माणूस तपासा

सुयांसाठी: केंद्र सरकारने २००३ मध्ये ॲक्युपंक्चरला उपचार म्हणून मान्यता दिली आणि २०१९ मध्ये स्वतंत्र पद्धत मानले. महाराष्ट्राने २०१५ मध्ये त्यासाठी कायदा केला. म्हणून सावंतवाडी-कोल्हापूरला जाणाऱ्यांनी तिथला नोंदणी क्रमांक विचारावा. गोव्यातल्या व्यक्तीला मूळ पदवी कोणती, ॲक्युपंक्चर कुठे आणि किती काळ शिकला, हे विचारा. भिंतीवरचे प्रमाणपत्र वाचायला लाजू नका. कधी कधी ते दोन दिवसांच्या शिबिराचे निघते. सुया एकदाच वापरायच्या, सीलबंद आणि तुमच्यासमोर फोडलेल्या हव्यात. वापरलेली सुई टोचून बाहेर येणार नाही अशा पांढऱ्या डब्यात जायला हवी. "तुमची सुई बाटलीत नाव घालून ठेवतो, पुढच्या वेळी तीच वापरू" असे कुणी म्हटले तर चपला घाला. हिपॅटायटिस बी असाच पसरतो.

मालिशसाठी: कळंगुट-बागा पट्ट्यात दर दहा पावलांवर मसाजची पाटी आहे. सुट्टीत पाय चेपून घ्यायला ठीक असेल, पण दुखऱ्या स्नायूचा इलाज वाळूवरच्या चादरीवर होत नाही. आयुर्वेदिक अभ्यंग आणि दुखऱ्या भागाची मालिश यांतही फरक आहे. अभ्यंगात सर्वांगाला तेल जिरवतात, गाठीवर काम करत नाहीत. ते हवे असेल तर शिरोड्याच्या आयुर्वेद महाविद्यालयाचे रुग्णालय किंवा धारगळची, डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेली अखिल भारतीय आयुर्वेद संस्था इथे वैद्य आधी तपासतात, मग तेल काढतात. विशिष्ट स्नायूसाठी फिजिओथेरपिस्ट बरा.

चांगल्या माणसाची खूण एकच: हात लावण्याआधी तो दहा मिनिटे प्रश्न विचारतो. तुमची वही त्याने मागून वाचली तर समजा योग्य दारात आलात.

६. जाण्याआधी

उपाशी पोटी ॲक्युपंक्चरला जाऊ नका, चक्कर येते. तास-दीड तास आधी पेज, पोळी, काहीतरी हलके खा. मालिशला उलट. भरपेट जेवून पालथे पडणे म्हणजे शिक्षा, दोन तास जाऊ द्या. उर्राकच्या (काजूच्या दारूच्या) दिवसांत हे वेगळे सांगावे लागते: पिऊन जाऊ नका. दाब जास्त झाला हे कळणारच नाही.

सैल कपडे घाला. गर्भारपण, मधुमेह, पेसमेकर, त्वचेवरची जखम किंवा गजकर्ण, तेलाची ॲलर्जी हे न विचारता सांगा. पेसमेकर असलेल्यांना सुयांतून वीज देणारा प्रकार चालत नाही. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर पायावर गरम पोटली नको, भाजलेले कळत नाही. पहिल्या खेपेला स्कूटर स्वतः चालवत परत येऊ नका. सुयांनंतर काहींना गुंगी येते, आणि तेलकट हाताची पकड ब्रेकवर घसरते.

७. टेबलावर

*सुया:* पहिल्यांदा झोपूनच घ्या, बसून नाही. टोचताना डास चावल्याइतके जाणवते, मग जडपणा किंवा झिणझिण्या. हे चालते. विजेसारखी कळ सरकली तर लगेच बोला, सुई मागे घेता येते. १५ ते ३० मिनिटे हलू नका. किती सुया घातल्या ते विचारा आणि काढताना मोजा. केसांत किंवा पाठीत एखादी राहून गेल्याचे प्रकार होतात.

*मालिश:* "सोसलं तरच गुण येतो" हा समज डोक्यातून काढा. दहात सहाच्या वर दाब नको. साधी परीक्षा अशी: तुम्ही श्वास धरलात म्हणजे दाब जास्त झाला. मणक्याच्या हाडावर, गळ्याच्या पुढच्या भागावर, काखेत, जांघेत, गुडघ्यामागे जोर नको.

> इशारा: सलूनमध्ये केस कापून झाल्यावर न्हावी मान कडकन मोडतो, ती फुकट सेवा नम्रपणे नाकारा. त्या झटक्याने मानेतल्या रक्तवाहिनीची आतली बाजू फाटून अर्धांगवायू होऊ शकतो. दुर्मीळ आहे, पण मान एकच आहे.

८. पुढचे दोन दिवस

मालिशनंतर २४ ते ४८ तास अंग दुखणे आणि सुईच्या जागी चवलीएवढा निळा डाग, हे नेहमीचे. त्या दिवशी थोडे चाला आणि जड उचलू नका. "मालिशने विषारी द्रव्ये सुटली, आता तीन लिटर पाणी प्या" या बोलण्याला आधार नाही. तहान लागेल तेवढे पाणी प्या.

खांद्यावर किंवा पाठीच्या वरच्या भागात सुया घेतल्यानंतर काही तासांत दम लागला किंवा श्वास घेताना छातीत टोचले तर थेट कॅज्युअल्टी. सुई फुप्फुसाच्या आवरणात गेल्याची ती खूण असू शकते. जोराच्या मालिशनंतर लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर स्नायू फार चेचले गेले आहेत, तेव्हाही थांबू नका. टोचलेली जागा लाल, गरम होऊन पू धरला, नवा बधिरपणा आला, ताप आला, तर डॉक्टर.

९. हिशेब

पॅकेज घेऊ नका. दहा बैठकांचे पैसे आधी भरले की माणूस पैसे वसूल करायला जातो, दुखण्यासाठी नाही.

मालिश आठवड्याला एक, अशा तीन. ॲक्युपंक्चर आठवड्याला एक-दोन, अशा चार ते सहा. प्रत्येक वेळी तीन आकडे लिहा: जाण्याआधीचा, दुसऱ्या सकाळचा, तिसऱ्या दिवशीचा. टेबलावरून उठताना वाटलेले बरे मोजायचे नाही. तिसऱ्या दिवसाचा आकडाच खरा. सुरुवातीपेक्षा तो दोनने उतरला आणि लिहिलेले ते एक काम जमू लागले, तर उपचार लागू पडला. तो पुढे न्या, पण बैठकांमधले अंतर वाढवत आणि सोबत व्यायाम सुरू करत. दुखणे उतरलेला तो काळ स्नायूला ताकद देण्यासाठीच वापरायचा असतो. आडवे पडून राहिलात तर मिळालेली सवलत वाया गेली.

आकडा हलला नाही तर दुसऱ्या उपचाराकडे वळा. मधे आठवडाभर काहीच करू नका आणि वहीत नवे पान काढा. तोही हलवू शकला नाही आणि एकूण सहा आठवडे उलटले, तर तिसरा मालिशवाला शोधण्याऐवजी वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि ड जीवनसत्त्व, थायरॉइड, आणि स्टॅटिन घेत असाल तर स्नायूच्या सीके या तपासणीविषयी विचारा.

राहिली माटोळी. यंदा स्टूल एक वीत उंच घ्या, म्हणजे हात डोळ्यांच्या रेषेत येतील आणि मान मागे टाकावी लागणार नाही. दर पंधरा मिनिटांनी खाली उतरून कात्रे दुसऱ्याच्या हाती द्या. घरात पुतणे असतातच.